यान उतरवायचा खर्च

प्रिय मित्रा,

हिंगोलीहून पाठवलेला मालिकेचा आराखडा वाचला. दम आहे. पण पहिल्याच भागात तू कालप्रवास, मन वाचणारं यंत्र आणि परग्रहवासी, तिन्ही आणलेस. एकच ठेव. एक अशक्य गोष्ट प्रेक्षक बिनतक्रार मानतो. दुसरी आली की 'इथं काहीही होऊ शकतं' असं वाटतं आणि मग कुणाच्याही जिवाची काळजी उरत नाही. त्या एका गोष्टीचे नियम पानभर लिही: तिला काय जमत नाही, वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं. पुढे पटकथा एकाकडे, संवाद दुसऱ्याकडे गेले की हेच पान मालिका सांभाळतं.

लिहितानाच निर्माताही हो. 'स्टार ट्रेक'मध्ये दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं एकीकडे विरून दुसरीकडे प्रकट होऊ लागली. १९६६ साली पडद्यावर आलेली ही काटकसरच त्या मालिकेची ओळख बनली. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं हाती उरतात. त्यात तुझी अकरा लोकेशन बसत नाहीत, तीनवर आण.

विषय तर तुझ्या दाराशीच आहे. औंढा नागनाथजवळ अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, ४ किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा व्हायची आहे. असं यंत्र प्रोटॉनच्या रुंदीहून लहान हालचाल टिपतं, म्हणून लांबचा भूकंप, जड ट्रक, वारा, सगळ्याचाच त्याला त्रास. रात्रपाळीची खोली, दोन माणसं, मॉनिटरवर एक रेघ: खरी की गोंगाट? एका सेटवर अख्खा भाग होतो. त्यातल्या मुलीची आई किल्लारीची असू दे. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट पाहिलेली बाई थरथरत्या रेघेकडे लेकीच्या नजरेनं बघणारच नाही. विज्ञानही तिच्यामुळेच सांगता येईल. 'तुला माहीतच आहे की गुरुत्वीय लहरी म्हणजे...' असं शास्त्रज्ञ सहकाऱ्याला सांगत बसत नाहीत. आईनं विचारावं, 'रातभर काय बघायलीस गं?'

व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकावर नंतर घडवायचे, शॉट मोजूनच लिही. कॅमेरा स्थिर असला आणि कलाकार नसलेली रिकामी चौकटही टिपून ठेवली, तर पुढचं काम निम्म्यानं सोपं. मागचं दृश्य नंतर बदलण्यासाठी लावलेल्या हिरव्या पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा हवा आणि कलाकार दोन-तीन मीटर पुढे. नाहीतर कडांना हिरवी झाक येते. मोकळे केस आणि धूर कापताना हमखास तुटतात. सोयाबीनच्या उभ्या पिकात शूट असेल तर पडदा निळा घे. मॉनिटरवरची रेघ मात्र आधीच व्हिडिओ बनवून सेटवर चालव. चेहऱ्यावर खरा उजेड पडतो आणि नंतरचा खर्चही वाचतो.

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहिलेल्या मजकुरावर मिळतो. म्हणून कुणालाही ऐकवण्याआधी पहिला भाग संवादांसकट पूर्ण कर आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदव. सुरुवातीला संवादलेखनाचं काम मिळालं तरी घे. फक्त एडिटला बसू देतील का, ते आधी विचार. कुठलं वाक्य कापलं जातं आणि का, ते तिथंच कळतं.

नियमांचं पान आधी पाठव, भाग नंतर.