विहिरीतलं सोडियम पेटत का नाही?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी. आमचा पट्टा खारपाणाचा. औंदा मातीचा अन् विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून आणला. कागदावर सोडियम जास्त आहे असं लिहून आलं, जिप्सम टाका म्हणून सांगितलं. माझी पोरगी अकरावी सायन्सले आहे. तिनं कागद पाहिला अन् म्हणे, "बाबा, सोडियम तं पाण्यात पडलं का पेट घेते. मंग आपली विहीर कायले पेटत नाही?" पोटॅशियम म्हणे त्याहून भडक, अन् पोटॅश तं आपण उघड्या हातानं फेकतो. 'ते आयन असते' एवढंच तिले वर्गात सांगतलं. आम्हा दोघायलेही समजंल असं सांगा.

उत्तर : भाऊ, आधी लेकीला माझी शाबासकी सांगा. मी तेहतीस वर्षं खेड्यातल्या शाळांत रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली अकरा वर्षं तुमच्यासारख्याच खाऱ्या विहिरीच्या गावात गेली. सोडियमचा प्रयोग दर साली करून दाखवला, पण शाळेच्या विहिरीकडे बोट दाखवून हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नाही.

पेटणारं सोडियम कसं असतं ते आधी सांगतो. ते रॉकेलात बुडवून ठेवावं लागतं. चिमट्यानं बाहेर काढायचं, रॉकेल टिपून घ्यायचं आणि चाकूनं कापायचं. धातू असूनही ते सहज कापलं जातं. कापलेली बाजू चांदीसारखी लखलखते आणि पाहता पाहता काळवंडते. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा परातीतल्या पाण्यात टाकला की त्याची वितळून गोळी होते आणि ती चरचरत पाण्यावर सैरावैरा पळते. पाण्यात आधी फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) दोन थेंब टाकले असले, तर गोळीमागे गुलाबी रेघ उमटत जाते, कारण मागे कॉस्टिक सोडा, म्हणजे एक जहाल अल्कली, तयार होत असतो. सोबत हायड्रोजन निघतो, आणि उष्णता पुरेशी झाली की तोच पेटतो. एका वर्षी माझ्या हातून तुकडा हरभऱ्याएवढा कापला गेला. तो फुटून एक कण मनगटावर उडाला, त्याचा डाग अजून आहे. म्हणून लेकीला सांगा, हा प्रयोग शाळेतच, शिक्षक समोर असतानाच पाहायचा.

आता हे का होतं. सोडियमच्या अणूत केंद्राभोवती अकरा इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण प्रभाराचे कण, असतात. त्यांची मांडणी २, ८, १ अशी. आतली दोन कवचं भरलेली, आणि तिसऱ्यात एकटा एक. केंद्रात धन प्रभाराचे अकरा प्रोटॉन ओढ लावून बसलेले असतात खरे, पण मधले दहा इलेक्ट्रॉन आड येतात, त्यामुळे बाहेरच्या त्या एकट्यापर्यंत फार थोडी ओढ पोचते. तुम्ही कापूस वेचणारे, तुम्हाला हे लगेच कळेल. पूर्ण फुटलेल्या बोंडातला कापूस दोन बोटांनी अलगद निघून येतो. हिरव्या बोंडातून काढायचा म्हटला तर नखं दुखतात. सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन म्हणजे फुटलेल्या बोंडातला कापूस. तो काढायला ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा लागते. त्याच अणूतून दुसरा काढायला गेलात तर ४७.३ लागते, नऊपटीहून जास्त. कारण आता हात आतल्या भरलेल्या कवचाला लागतो, आणि ते कवच केंद्राच्या जवळ आहे.

सोडियमचा सगळा भडकपणा त्या एका इलेक्ट्रॉनमध्ये आहे. तो पाण्याला दिला की उरतो दहा इलेक्ट्रॉनचा, २, ८ मांडणीचा सोडियम आयन. इलेक्ट्रॉन दिल्यामुळे किंवा घेतल्यामुळे ज्याच्यावर प्रभार येतो, त्या अणूला आयन म्हणतात. ही मांडणी निऑन वायूची, जो कशाशीच संयोग करत नाही. आयन म्हणजे निऑन नव्हे बरं का. त्याच्या केंद्रात अकरा प्रोटॉन तसेच आहेत, म्हणून त्याच्यावर एक धन प्रभार राहतो. पण पाण्याला देण्याजोगा इलेक्ट्रॉन आता त्याच्याकडे नाही. तुमच्या विहिरीत आहे ते हे सोडियम. आणि ते तिथे पेटून विझलेलंही नाही. ज्या खडकांतून, मातीतून ते पाण्यात उतरलं, तिथेही ते आयनच होतं. निसर्गात सोडियमचा धातू मोकळा सापडतच नाही. माणसानं हजारो वर्षं मीठ खाल्लं, पण त्यातला धातू डोळ्यांनी पहिल्यांदा दिसला तो १८०७ साली, जेव्हा हंफ्री डेव्हीनं वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून आयनांना त्यांचा इलेक्ट्रॉन परत द्यायला लावला. पोटॅशियमही त्यानं काही दिवसच आधी असंच वेगळं केलं होतं.

पोटॅशियमची मांडणी २, ८, ८, १. शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात, म्हणजे आणखी लांब. तो ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच सुटतो, म्हणून ते जास्त भडक. लेकीचं बरोबर आहे. पण गोणीतला पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातल्या पोटॅशियमनंही तो इलेक्ट्रॉन कधीचाच दिलेला आहे. क्लोरीनची गोष्ट याच्या उलट : २, ८, ७. बाहेरच्या कवचात एकाची जागा रिकामी. तो वायू इतका जहाल की १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर माणसं मारायला सोडला होता. एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचाच क्लोराइड होतो, आणि तो आपण रोज मिठातून वरणात खातो.

इथे मला एक गोष्ट दुरुस्त करायची आहे, कारण ती मी स्वतः कित्येक वर्षं तशीच शिकवली. 'अणूला आपलं अष्टक पूर्ण करायची इच्छा असते' असं आम्ही फळ्यावर लिहायचो; अष्टक म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन. अणूला इच्छा नसते. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१ खर्च, क्लोरीननं तो घेतल्यावर ३.६ परत. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात दीडेक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा तोटाच होतो! तो भरून निघतो पुढे, जेव्हा धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून मिठाच्या खड्यात रचून बसतात. त्या रचनेत इतकी ऊर्जा बाहेर पडते की सगळा खर्च वजा जाऊन भरपूर उरते. विहिरीच्या पाण्यात हेच काम पाण्याचे रेणू करतात, प्रत्येक आयनाभोवती गोळा होऊन. लेकीला सांगा, अष्टक ही खूण म्हणून लक्षात ठेव, पण कारण विचारलं तर ऊर्जेचा जमाखर्च मांड.

आता जिप्समचं, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं. तेही याच मोजणीतून सुटतं. कॅल्शियम २, ८, ८, २. पहिला इलेक्ट्रॉन ६.१ ला जातो, दुसरा ११.९ ला, आणि तिसऱ्याला एकदम ५०.९ लागतात. म्हणून कॅल्शियम दोनच देतं आणि त्याच्यावर दोन धन प्रभार येतात. आपल्या काळ्या मातीच्या चिकणकणांवर ऋण प्रभार असतो. त्यावर एक प्रभाराचं सोडियम जास्त बसलं की कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पाण्यात विखुरतात, भेगा-छिद्रं बुजतात. हीच आपली चोपण जमीन : ओली असताना चिखल, वाळली की दगड. जिप्सममधलं दोन प्रभारांचं कॅल्शियम कणांना घट्ट धरतं आणि सोडियमला जागेवरून हटवतं. हटलेलं सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात उतरतं, पण ते शेताबाहेर गेलं पाहिजे. म्हणून निचऱ्याचे चर आधी आणि जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर; चर नसतील तर पैसे मातीत जातील. आणि जिप्सम किती टाकायचं ते कागदावरच्या आकड्यावरून कृषी केंद्रात विचारूनच ठरवा, शेजाऱ्यानं किती टाकलं ते पाहून नको.

लेकीला तो शेवटचा इलेक्ट्रॉन बघायचा असेल, तर त्यासाठी सोडियमचा धातू लागत नाही. गॅसवर मीठ घातलेलं वरण उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. ज्योतीच्या उष्णतेत मिठातल्या थोड्या सोडियमला इलेक्ट्रॉन परत मिळतो, तो उडी मारून वर चढतो आणि खाली येताना तो पिवळा उजेड टाकतो. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात तार बुडवून ती ज्योतीत धरली, तरी तोच रंग दिसेल. तार चिमट्यात धरायची, आणि आई स्वयंपाकघरात असतानाच.