तेरचे वस्तुसंग्रहालय वाट वाकडी करून पाहावे का?

तुळजापूर आणि पंढरपूर यांच्या यात्रेत एक दिवस मोकळा ठेवून धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहावे का, आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलेल्या माणसाला तिथे वेगळे काय दिसेल, असा आपला प्रश्न आहे. मी मराठवाड्यातला असून या संग्रहालयाविषयी मला विशेष ममत्व आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या होकाराचे वजन किती धरायचे ते आपण ठरवू शकाल. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र भव्य मूर्ती, सोन्याचांदीची उपकरणे किंवा प्रशस्त दालने यांची अपेक्षा धरून तिथे जाऊ नये. तेरचे वैभव तळहातावर मावणाऱ्या वस्तूंत आहे आणि ते बहुतांशी मातीचे आहे.

मुंबईच्या संग्रहालयातील वस्तू सिंधपासून कर्नाटकापर्यंत आणि तिबेटपासून युरोपपर्यंत अनेक ठिकाणांहून आलेल्या आहेत. तेरच्या संग्रहाचा गाभा मात्र तेरच्याच जमिनीतून निघालेला आहे. तेरणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजेच तगर हे प्राचीन व्यापारी नगर, ही गोष्ट शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ च्या सुमारास साधार मांडली आणि पाठोपाठ पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी गावातील जुन्या वास्तूंचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवलेले आहे. तगरहून जाडेभरडे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जात असे, असेही त्यात म्हटले आहे. पुढे तगरची भरभराट ओसरली तरी नावाचा दबदबा इतका टिकला की कोकणातील आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. आज त्या तगरच्या जागी एक शांत, मध्यम आकाराचे गाव उभे आहे, आणि जुन्या नगराचे बहुतेक अवशेष गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांत दडलेले आहेत.

या पांढरीतूनच संग्रहालय जन्माला आले. जुन्या वस्तीची पांढरी माती घरे लिंपायला आणि धाब्यावर घालायला चांगली म्हणून गावोगाव लोक ती खणून नेतात. पावसाळ्यात टेकाडे धुपली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी आणि मातीच्या बाहुल्या वर येतात. सर्वसाधारणपणे अशा वस्तू पोरांच्या खेळात हरवतात किंवा फिरत्या खरेदीदाराच्या हाती जातात. तेरचेच रहिवासी असलेल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जपून ठेवण्याचा ध्यास घेतला, त्यातून हजारो वस्तूंचा संग्रह उभा राहिला, आणि पुढे तो शासनाकडे येऊन त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय झाले.

या पद्धतीची एक उणीवही आपण लक्षात ठेवावी, कारण तिच्यामुळे तिथल्या वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जमिनीवर सापडलेल्या वस्तूला थर, म्हणजे जमिनीतील तिच्या काळाची पातळी, नसतो. ती कोणत्या घरात, कोणत्या नाण्याशेजारी, किती खोलीवर पडली होती, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि मग तिचा काळ केवळ घडणीवरून, दुसऱ्या ठिकाणच्या वस्तूंशी ताडून ठरवावा लागतो. तेरला पुरातत्त्वज्ञ चापेकर यांनी १९५८ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन केले, १९७० च्या दशकातही खणती झाली, आणि त्यांमुळे सातवाहनकालीन वस्तीचा क्रम पुष्कळसा स्पष्ट झाला. तरीही संग्रहातील अनेक सुंदर वस्तूंची जन्मकथा अपुरीच राहिली आहे. यावरून लामतुऱ्यांना दोष देणारे अभ्यासक मला थोडे अन्यायी वाटतात. लामतुऱ्यांनी वस्तू गोळा केल्या नसत्या तर थर राहिला नसता आणि वस्तूही राहिल्या नसत्या.

आता प्रत्यक्ष काय पाहावे याकडे वळतो. माझ्या मते सर्वांत अधिक वेळ पांढुरक्या मातीच्या छोट्या मूर्तींना द्यावा. केओलिन नावाच्या अतिशय बारीक, पांढरट मातीच्या या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत: पुढच्या बाजूचा एक साचा, मागच्या बाजूचा दुसरा, दोन्हींत मातीचा पातळ थर दाबून बसवायचा, मग दोन्ही अर्धे जोडून सांधा बोटाने किंवा चाकूने साफ करायचा आणि मूर्ती भाजायची. मूर्ती आतून पोकळ राहत असल्याने माती कमी लागते आणि भट्टीत ती तडकण्याची भीतीही कमी होते. काचेजवळ वाकून मूर्तीच्या कडेने नजर फिरवली तर कित्येक ठिकाणी हा सांधा दिसतो, आणि फुटलेल्या मूर्तीची आतली बाजू दिसत असेल तर माती दाबणाऱ्या बोटांचे ठसेही शोधावेत. मुलांना हे दाखवाच. गणेशोत्सवात साच्यातील मूर्ती पाहिलेल्या मुलांना यातील युक्ती चटकन समजते. स्त्रियांच्या मूर्तींवरील केशरचना, कानांतील जड कर्णभूषणे आणि कमरेच्या मेखला इतक्या बारकाईने उठवलेल्या आहेत की मूळ साचा कोरणारा कारागीर दागिन्यांच्या घडणीचा चांगला जाणकार असला पाहिजे.

साचा आला की एकाच मूर्तीच्या अनेक प्रती आल्या, आणि अनेक प्रती आल्या म्हणजे विकत घेणारी घरे आली. यांतील काही मूर्ती शोभेच्या असतील, काही खेळण्यातल्या, तर काही कोनाड्यात पूजेला ठेवण्याच्या. राजाने बांधवलेल्या देवळातील कला आपण पुष्कळ पाहतो. सामान्य घरातील धर्म कसा दिसत होता, हे दाखवणारी सामग्री फार थोड्या ठिकाणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र आहे. म्हणूनच तेरला मी धार्मिक कलेचे संग्रहालय मानतो, जरी तिथल्या पाटीवर तसे लिहिलेले नसले तरी.

लज्जागौरीच्या मूर्तींपाशी जरूर थांबावे. मस्तक नसलेली किंवा मस्तकाच्या जागी कमळ असलेली, पाय फाकवून बसलेली ही देवी पाहून काही पाहुणे गोंधळतात आणि पुढे सरकतात. ती सुफलतेची, प्रसवाची देवता आहे. नेवासे आणि भोकरदन या महाराष्ट्रातील इतर प्राचीन स्थळीही तिच्या मूर्ती सापडल्या आहेत, आणि दख्खनमध्ये रेणुका-यल्लमेच्या उपासनेशी तिचे नाते अभ्यासकांनी जोडलेले आहे. आपण तुळजापूरहून येणार आहात, तेव्हा देवीच्या मोठ्या पीठाचे दर्शन घेतल्यानंतर देवीचे हे वीतभरही नसलेले रूप पाहणे निश्चितच विचार करायला लावील. मुलांनी प्रश्न विचारलाच तर सरळ उत्तर द्यावे, असे माझे मत आहे.

रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा पाहताना एक भेद ध्यानात ठेवावा. त्यांतील सर्वच वस्तू रोमहून आलेल्या नाहीत. रोमन नाण्यांच्या ठशावरून केलेली मातीची पदके आणि रोमन घाटाचे मातीचे दिवे येथील कारागिरांनी केलेल्या नकला आहेत, आणि त्या मला अस्सल परदेशी वस्तूंहून अधिक बोलक्या वाटतात. पदकाला दोरा ओवायला कान असतो. म्हणजे दूरच्या सम्राटाचा मुखवटा तगरच्या रहिवाशाने गळ्यात दागिना म्हणून घातला.

सर्वाधिक प्रसिद्धी हस्तिदंती स्त्रीमूर्तीला मिळाली आहे. इटलीतील पोम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या भारतीय हस्तिदंती पुतळीशी तिची तुलना केली जाते. पोम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्यामुळे ती पुतळी त्याआधीची आहे, एवढे निश्चित म्हणता येते. भोकरदनलाही तशाच घडणीचा हस्तिदंती तुकडा मिळाल्याने पोम्पेईची पुतळी दख्खनमध्ये घडली असावी असे काहींचे मत आहे. पण तिच्यावर खरोष्ठी या वायव्य भारतातील प्राचीन लिपीतले अक्षर असल्याने तिचा संबंध वायव्येशी जोडणारेही आहेत. ‘तेरची बाहुली रोमला गेली’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा, म्हणजे दाराची चौकट, हा संग्रहालयातील आकाराने मोठा आणि दुर्मीळ नमुना आहे. आपल्या हवामानात आणि वाळवीच्या तावडीत इतके जुने लाकूडकाम सहसा टिकत नाही. दगडी मंदिरांच्या द्वारशाखांवरील वेलपट्ट्या आणि खांबाच्या आकाराच्या उभ्या पट्ट्या आपण पाहिलेल्या असतीलच. त्या मुळात सुताराच्या हातच्या रचना होत्या, हे इथे डोळ्यांना दिसते.

ही द्वारशाखा पाहून झाल्यावर गावात जाऊन विटांचे उत्तरेश्वर मंदिर आणि त्रिविक्रम मंदिर पाहिल्याशिवाय परतू नये. त्रिविक्रम मंदिराचा विटांचा मूळ भाग मागे अर्धवर्तुळाकार आणि वर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या गोलसर, छताचा आहे. तो मूळचा बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, असून नंतर विष्णूचे मंदिर झाला, असे कझिन्स यांना वाटले. काही अभ्यासकांच्या मते तो पहिल्यापासूनच वैदिक परंपरेतील देवालय असू शकतो. गाभाऱ्यात पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे आणि पूजा चालू आहे, त्यामुळे आत शिरताना संशोधकापेक्षा भाविकाचे भान ठेवलेले बरे. तेरची जुनी वीट पाण्यावर तरंगते, असे गावकरी सांगतात; मातीत तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते, हे त्यामागचे साधे कारण असू शकते.

संत गोरा कुंभार यांची समाधी तेरमध्येच असल्याने वारकरी म्हणून आपले पाय तिकडे वळतीलच. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांचे मडके कच्चे ठरवणारे गोरोबाकाका आणि केओलिनच्या मूर्ती घडवणारे कारागीर यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे; त्यांच्यात सलग परंपरा होती, असे पुराव्यानिशी म्हणता येत नाही. तरीही सकाळी संग्रहालय आणि दुपारी समाधी, असा क्रम मी सुचवीन.

राहता राहिली व्यवहाराची बाब. राज्य शासनाची संग्रहालये बहुधा सोमवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी धाराशिवमध्ये चौकशी करावी. वस्तूंवरील माहिती काही ठिकाणी त्रोटक वाटली तर तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. छोट्या वस्तू पाहायच्या असल्याने उजेड चांगला असतो तेव्हाच, म्हणजे दुपारपूर्वी, पोहोचावे, आणि घरातील ज्येष्ठांचा चष्मा गाडीत राहू देऊ नये. टेकाडांवर फिरताना खापर किंवा मणी दिसला तर तो उचलून खिशात घालू नये. जागच्या जागी छायाचित्र काढावे आणि संग्रहालयात कळवावे.