नीत्शे शून्यवादी की निराशावादी?

विचारणा अशी आहे: शोपेनहाउअर आणि नीत्शे या दोन्ही जर्मन तत्त्वज्ञांना मराठीत कधी ‘निराशावादी’, कधी ‘शून्यवादी’ म्हटलेलं आढळतं. हे शब्द समानार्थी आहेत का? कोणाला कोणता लावावा?

समानार्थी मुळीच नाहीत. शिवाय दोन्ही जपून वापरावेत असे आहेत.

बोलीत निराशावादी म्हणजे ‘आपलं काही खरं नाही’ म्हणत कपाळाला हात लावून बसणारा. शोपेनहाउअर तसा नव्हता. फ्रँकफर्टमध्ये खाऊनपिऊन सुखी होता, जेवणानंतर बासरी वाजवायचा, पाळलेल्या पूडल कुत्र्याला ‘आत्मा’ म्हणायचा. (बासरी वाजवणारा हा कसला निराशावादी, अशी टोपी नीत्शेनेच पुढे उडवली.) त्याचं म्हणणं मनःस्थितीबद्दल नव्हतं, जगाच्या घडणीबद्दल होतं. सगळ्याच्या मुळाशी आंधळी इच्छा आहे. ती पुरी होईस्तोवर तळमळ, पुरी झाली की कंटाळा. संगीतासारखी कला घटकाभर सोडवते. कायमचं सुटायचं तर इच्छाच मावळायला हवी. उपनिषदं त्याने दारा शुकोहच्या फारसी अनुवादावरून झालेल्या लॅटिन भाषांतरात वाचली होती. त्याच्या मताला ‘दुःखवाद’ हा शब्द जास्त चपखल बसतो.

नीत्शेला 1865 मध्ये लाइपझिगच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोपेनहाउअरचा ग्रंथ सापडला आणि तो झपाटूनच गेला. पुढे मात्र त्याने गुरूकडे पाठ फिरवली. दुःख दोघांनाही मान्य, पण सुटकेची भाषाच नीत्शेला नकोशी झाली. हेच आयुष्य, एकही कळ न वगळता, अनंत वेळा जगावं लागलं तर? हा त्याचा 1882 मधला प्रश्न, आणि त्याला ‘हो’ म्हणता यावं ही त्याची कसोटी. अशा माणसाला निराशावादी कसं म्हणणार?

राहिला ‘शून्यवादी’, म्हणजे ‘निहिलिस्ट’ला मराठीत दिला जाणारा प्रतिशब्द. सर्वोच्च मूल्यांचं मोलच उरत नाही, त्या अवस्थेला नीत्शे निहिलिझम म्हणतो. टिपणांमध्ये तो स्वतःला युरोपातला पहिला पुरा निहिलिस्ट म्हणवतो खरा, पण ते आपण जगून मागे टाकलं, असंही लगेच जोडतो. गंमत म्हणजे इच्छा विझवू पाहणारा शोपेनहाउअरच त्याच्या लेखी निहिलिझमच्या वाटेवरचा.

पण मराठीत ‘शून्यवाद’ रिकामा पडलेला नाही. तो बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या माध्यमिक (मध्यममार्गी) मताचा आहे. त्याची शून्यता म्हणजे ‘काहीच नाही’ नव्हे; कशालाच स्वतंत्र, स्वयंभू स्वभाव नाही, एवढंच. शून्यता चुकीची समजली तर चुकीच्या तऱ्हेने धरलेल्या सापासारखी उलटते, असं त्यानेच बजावलंय. उच्छेदवाद, म्हणजे सगळं समूळ नष्ट होतं हे मत, तर त्याने साफ नाकारला. त्याचं बिरुद नीत्शेला चिकटवलं की वाचक दोघांनाही चुकीचं वाचतो, आणि नागार्जुनाला जास्तच.

म्हणून नीत्शेपुरतं मी सरळ ‘निहिलिझम’ लिहितो. संस्कृत शब्दच हवा असेल तर ‘मूल्यनाश’ चालेल. निदान त्यावर आधीपासून कोणाची मालकी नाही.