वाचकांचे प्रश्न : पोर्टेबल हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह

डेटा साठवण्याच्या साधनांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : घरातले फोटो आणि व्हिडिओ मिळून २०० जीबी झाले आहेत. ते २५६ जीबीच्या पेनड्राइव्हवर ठेवावेत की १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यावी? दोन्हींत नेमका फरक काय?

उत्तर : कायमचे ठेवायचे असतील तर हार्ड डिस्क घ्या, आणि एक नव्हे, दोन घ्या. पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी आहे. मूळ प्रत फक्त त्याच्यावर ठेवणे धोक्याचे आहे, आणि त्याचे कारण दोन्हींच्या रचनेत आहे.

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या डबीत २.५ इंची डिस्क असते. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर चुंबकीय थर दिलेला असतो आणि त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात. वाचणारे-लिहिणारे हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर काही नॅनोमीटर वर तरंगते. चालू डिस्कला धक्का बसला की हेड तबकडीवर आपटते, थर खरवडला जातो आणि त्या जागेवरचा डेटा जातो. बंद डिस्कचे हेड बाजूला उभे केलेले असते, त्यामुळे तेवढाच धक्का ती बऱ्याचदा सोसते. म्हणून कॉपी चालू असताना डिस्क सपाट जागी ठेवावी, उचलू नये आणि लॅपटॉपच्या कडेला लोंबकळत ठेवू नये.

पेनड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसते. एक फ्लॅश चिप आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर, एवढाच ऐवज. चिपमधल्या सूक्ष्म सेलमध्ये विद्युतभार कोंडून माहिती ठेवली जाते. पडल्याने त्याचे सहसा काही बिघडत नाही. पोर्टमध्ये असताना आडवा धक्का बसला तर कनेक्टरचे सोल्डर मात्र तुटते. प्रत्येक सेल ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतो. एका सेलमध्ये तीन बिट ठेवायचे तर भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिट ठेवायचे तर १६. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितका सेल लवकर थकतो.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मरण्याच्या पद्धतीतला फरक. हार्ड डिस्क पुष्कळदा आधी इशारा देते : फाइल उघडायला वेळ लागतो, आवाज बदलतो, खराब सेक्टरची (तबकडीवरच्या साठवणीच्या छोट्या तुकड्यांची) संख्या वाढू लागते. पेनड्राइव्हचा कंट्रोलर गेला की काल चालणारा ड्राइव्ह आज ओळखलाच जात नाही. लहान पेनड्राइव्हमध्ये चिप आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात ओतलेले असतात, त्यातून डेटा काढणे डेटा रिकव्हरीवाल्यांनाही जिकिरीचे जाते.

दोन हार्ड डिस्क एकाच दिवशी, एकाच खेपेतल्या घेऊ नका आणि एकाच कपाटात ठेवू नका.

प्रश्न : नवी १ टीबीची डिस्क विंडोज ९३१ जीबीची दाखवते. फसवणूक झाली का?

उत्तर : नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट धरतात. विंडोज त्याला १०७,३७,४१,८२४ ने भागते आणि येणाऱ्या आकड्यापुढे जीबी लिहिते. बाइट तेवढेच असतात, मोजमाप वेगळे. याच हिशेबाने ६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५९.६ दिसतो. मॅक दशमान पद्धतीने मोजतो, तिथे हीच डिस्क पुरी १ टीबी दिसेल.

प्रश्न : पेनड्राइव्हवर ५० जीबी मोकळी जागा असूनही ६ जीबीची व्हिडिओ फाइल जात नाही. फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो.

उत्तर : तुमचा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. या पद्धतीत एका फाइलचा आकार ३२ बिटांच्या आकड्यात नोंदवतात, त्यामुळे ४ जीबीला एक बाइट कमी, ही कमाल मर्यादा.

आधी आतला सगळा डेटा दुसरीकडे हलवा. मग ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून फॉरमॅट निवडा, फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट घ्या आणि क्विक फॉरमॅट करा. ड्राइव्हवरचे सगळे यात पुसले जाते. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि आजच्या लिनक्सवर वाचता-लिहिता येते. जुने टीव्ही आणि गाडीतले म्युझिक प्लेअर मात्र बऱ्याचदा फॅट३२च ओळखतात, म्हणून गाण्यांसाठी एक छोटा पेनड्राइव्ह तसाच राहू द्या.

हार्ड डिस्क फक्त विंडोजवरच वापरणार असाल तर एनटीएफएस जास्त भरवशाचे. त्यात बदलांची नोंदवही ठेवलेली असते. मध्येच वीज गेली तर फाइलींची मांडणी सावरायला ती कामी येते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण जास्तीचे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही.

प्रश्न : कॉपी सुरुवातीला झपाट्याने होते, थोड्या वेळाने वेग अगदी खाली येतो. पोर्ट खराब आहे का?

उत्तर : पोर्टचा दोष क्वचितच असतो, तरी आधी तो पाहून घ्या. यूएसबी २.० पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबीच्या वर काही जात नाही, मग डिस्क कितीही चांगली असो. यूएसबी ३.० पोर्टच्या आतली पट्टी बहुतेक वेळा निळी असते. हार्ड डिस्कच्या टोकाला दोन भागांची रुंद पिन असेल आणि तिच्या एकाच भागात फोनची जुनी मायक्रो केबल बसवली असेल, तर डिस्क चालते पण २.० च्या वेगाने.

पोर्ट ठीक असेल तर पेनड्राइव्हचे उत्तर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात सापडते. पहिले काही जीबी संगणकाच्या रॅममध्ये किंवा चिपच्या वेगवान भागात जातात; तो भाग भरला की खरा वेग दिसू लागतो. स्वस्त पेनड्राइव्हवर तो सेकंदाला १० एमबीपर्यंतही उतरतो. खोक्यावर छापलेला आकडा साधारणपणे वाचण्याच्या वेगाचा असतो, लिहिण्याचा नव्हे.

हार्ड डिस्कची कथा वेगळी आहे. एक मोठी फाइल असेल तर ती सेकंदाला १०० ते १४० एमबी सहज लिहिते. पण मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. प्रत्येक छोट्या फाइलसाठी हेड जागेवर न्यायचे, हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबायचे, मग यादीत नोंद करायची. हजारो छोट्या फाइलींत सगळा वेळ या धावपळीतच जातो. अशा फाइलींची आधी संगणकावर एक झिप करा आणि ती एकच फाइल पाठवा, फरक लगेच दिसेल.

आणखी एक कारण खोक्यावर क्वचितच लिहिलेले असते. जास्त क्षमतेच्या अनेक २.५ इंची डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. १०० जीबी एकदम ओतले की डिस्कची राखीव जागा संपते आणि वेग कोसळतो. अशी डिस्क बॅकअपला उत्तम असते, पण तिच्यावर थेट व्हिडिओ एडिटिंग करू नका. त्या कामाला पोर्टेबल एसएसडी हवी. तीही फ्लॅशच, पण तिचा कंट्रोलर आणि चिप पेनड्राइव्हपेक्षा पुष्कळ वरच्या दर्जाचे असतात.

प्रश्न : हार्ड डिस्क लावली की टक-टक आवाज येतो आणि ती संगणकात दिसत नाही. काय करावे?

उत्तर : पहिली शंका विजेची घ्या. तबकड्या फिरू लागताना सर्वांत जास्त करंट लागतो. यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलिॲम्पिअर देतो, ३.० पोर्ट ९००. वीज अपुरी पडली की डिस्क फिरू लागते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते आणि तसाच आवाज येतो. हब आणि एक्स्टेन्शन काढा, दुसरी आखूड केबल घ्या आणि डिस्क थेट संगणकाच्या पोर्टला लावा. डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा. (३.५ इंची बाह्य डिस्कला तर १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतोच.)

तरीही टक-टक येत असेल तर डिस्क लगेच काढा. हेडला आपली जागा सापडत नाही असा त्याचा अर्थ, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात तबकडी आणखी खरवडली जाऊ शकते. डबी उघडू नका, हेडच्या अंतराच्या मानाने धुळीचा कण डोंगराएवढा असतो. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय तर मुळीच नको, आत दव धरते. डेटा मोलाचा असेल तर पुढचे काम स्वच्छ खोली असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेचे.

आवाज नाही, पण माय कम्प्युटरमध्ये ड्राइव्ह दिसत नाही, असे असेल तर विंडोजमधले डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे डिस्क दिसते पण तिला ड्राइव्हचे अक्षर (ई, एफ असे) नाही, तर राइट क्लिक करून अक्षर द्या. 'रॉ' (म्हणजे विंडोजला न ओळखता आलेली मांडणी) दिसत असेल किंवा विंडोज फॉरमॅट करायला सांगत असेल तर नाही म्हणा. चेकडिस्क हे विंडोजचे दुरुस्तीचे साधनही लगेच चालवू नका : ते मांडणी जुळवण्यासाठी डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेलेही घालवणे. आधी लिनक्सवरील डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसऱ्या, तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या आणि रिकव्हरी त्या प्रतिमेवर करा.

डिस्क चालू आहे पण भरवसा वाटत नाही, अशा वेळी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ०५ आणि सी५ या दोन ओळी पाहा. पहिली बदललेल्या सेक्टरची, दुसरी वाचता न येणाऱ्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरची. शून्य हवे. आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर त्याच दिवशी डेटा हलवा. पेनड्राइव्ह ही माहिती सहसा देतच नाहीत.

प्रश्न : सेफली रिमूव्ह करणे खरेच गरजेचे आहे का?

उत्तर : पेनड्राइव्हसाठी विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून नियम सैल झाला आहे, कॉपी संपून दिवा लुकलुकायचा थांबला की काढता येतो. लिनक्सवर कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली तरी डेटा रॅममध्येच असू शकतो, तिथे आणि मॅकवर इजेक्ट कराच. हार्ड डिस्कसाठी मात्र कोणत्याही संगणकावर करा. अचानक वीज गेली की डिस्क फिरत्या तबकड्यांच्या उरल्या गतीतून वीज काढून हेड घाईने बाजूला नेते. ही तजवीज आणीबाणीसाठी आहे, तिचा रोज वापर झाला तर हेडची झीज वाढते.

प्रश्न : २ टीबीचा पेनड्राइव्ह अतिशय स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : नाही. कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. आत चिप ३२ किंवा ६४ जीबीची. ती भरली की पुढचे लिखाण जुन्यावर चढते किंवा हवेत जाते. फाइलींची नावे दिसत राहतात, उघडायला गेले की फाइल खराब निघते. घेऊन बसला असाल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ वापरा. दोन्ही साधने संपूर्ण ड्राइव्ह भरून तो परत वाचतात. ड्राइव्ह आधी रिकामा करा आणि वेळ हाताशी ठेवा : सेकंदाला २० एमबीने ६४ जीबी लिहायलाच सुमारे ५३ मिनिटे लागतात. नवा पेनड्राइव्ह कोणताही असो, ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

प्रश्न : डेटा भरून ड्राइव्ह कपाटात पाच वर्षे ठेवला तर टिकेल का?

उत्तर : पेनड्राइव्हवर नको. सेलमधला भार हळूहळू झिरपतो, उष्णतेत आणखी वेगाने. जेडेक या चिप उद्योगाच्या मानकसंस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने आपली ठरलेली लेखनमर्यादा संपल्यावर, विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला, एक वर्ष डेटा राखायला हवा. नव्या, कमी वापरलेल्या चिपवर तो पुष्कळ जास्त टिकतो, पण पेनड्राइव्हच्या खोक्यावर असले कोणतेही आश्वासन बहुधा नसते.

हार्ड डिस्कचे चुंबकत्व एवढ्या काळात पुसले जात नाही. तिथे धोका यंत्राचा : न फिरलेल्या मोटरचा, दमटपणाचा. वर्षातून एक-दोनदा डिस्क लावा, सगळ्या फाइल वाचून घ्या आणि दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहा. ठेवताना सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा. थंड जागेतून आणली तर लावण्याआधी तासभर खोलीत तशीच राहू द्या.