लिव्हरमधल्या गाठी जाळून ‘मोकळं’ होता येतं का?

भाऊ, चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या तुमच्या आईंना आता लिव्हरमध्ये दोन गाठी निघाल्यात. डॉक्टर मायक्रोवेव्ह अॅब्लेशन, म्हणजे सुईने गाठ जाळणं, सुचवतात आणि चोपड्याचे पाहुणे म्हणतात, ‘चिरफाड नाही, करून मोकळं व्हा.’ माझ्या वहिनीचं हेच झालंय, म्हणून लिहिते.

‘मोकळं व्हा’ तेवढं डोक्यातून काढा. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई गाठीत नेतात आणि टोकाशी उष्णता देतात. ६० अंशांच्या वर पेशी लगेच मरतात. पण मरतात त्या तिथल्याच. आजार रक्तातून लिव्हरपर्यंत आलाय, त्यामुळे मुख्य उपचार औषधंच. वहिनीच्या गोळ्या नंतरही बंद झाल्या नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. स्तनाचा कॅन्सर मोजक्याच जागी पसरलेले १२५ पेशंट होते. औषधांच्या जोडीला त्या जागांवर रेडिएशन किंवा ऑपरेशन करूनही आजार नुसत्या औषधांपेक्षा जास्त काळ आवरला गेला नाही. त्यात सुईची उष्णता नव्हती, हे खरं. तरी ‘आमच्या पेशंटला याचा नेमका काय फायदा?’ हे डॉक्टरांना तोंडावर विचारा. औषधाने बाकी सगळं आटोक्यात आहे आणि एकदोन गाठीच ऐकत नाहीत, असं उत्तर आलं तर मला ते पटेल.

लिव्हरच्या गाठीचा तुकडा तपासलाय का? हार्मोन आणि हर-टूचा (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) रिपोर्ट कधीकधी जुन्यापेक्षा वेगळा येतो, मग औषधच बदलतं.

गाठ ३ सेंमीच्या आत असेल तर काम चांगलं होतं. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर अवघड. शेतात पाचट पेटवलं की पाटाकडची कड ओली राहून जळत नाही ना, तसंच. वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं. पित्ताच्या नळीत स्टेंट (ती उघडी ठेवायला बसवलेली बारीक नळी) असेल तर आधीच सांगा, नंतर पू होण्याचा धोका वाढतो.

आमची चूक ऐका. वहिनी हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेत होती, ते आम्ही बोललोच नाही. मुंबईला पोचलो, तारीख पुढे गेली, तशाच भुसावळला परत. (जनरल डब्यातून, उन्हाळ्यात.) सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मनाने मात्र एकही बंद करू नका.

झाल्यावर बरगडीखाली टिकलीएवढी जखम. उजवा खांदा मात्र दोन दिवस ठणकला. लिव्हरवरच्या पडद्याला झळ लागली की दुखणं खांद्यात जाणवतं म्हणे. चारपाच दिवस कणकण आणि गळून गेल्यासारखं. ताप चढत गेला, थंडी वाजली किंवा पोट फुगलं तर घरी थांबू नका.

महिन्याने सीटी झाला. गाठ २ सेंमीची होती, रिपोर्टात ४ लिहिलेलं. दादाने जेवण सोडलं. डॉक्टर हसले. गाठीभोवतीचा थोडा चांगला भागही मुद्दाम जाळतात, म्हणून डाग मोठाच दिसतो. त्याच्या कडेला सीटीच्या वेळी शिरेतून दिलेला रंग घेणारं काही, म्हणजे जिवंत गाठ, उरलंय का ते बघायचं असतं.

गाठींची मापं, जागा आणि आत्ता चालू असलेलं औषध लिहा, मग पुढचं बोलू.