पर्फोरेशनचा (जठर-आतड्याला भोक पडलेला) पेशंट : नव्या रेसिडेंटसाठी

पहिल्याच इमर्जन्सीत सगळं आठवणार नाही. एवढं पक्कं धर: वेळ ऑपरेशनमध्ये कमी, त्याआधी जास्त वाया जातो.

- सेप्सिसचा (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागल्याचा) संशय आला की अँटिबायोटिक तासाभरात. केसपेपरवर लिहिलं म्हणजे दिलं नव्हे. नातेवाईक मेडिकलच्या रांगेत असतात नि डोस तिथेच अडकतो. शिरेत जाताना स्वतः बघ, वेळ टाक.
- लॅक्टेट (पेशींना रक्त-ऑक्सिजन कमी पडतोय का ते सांगणारी रक्ततपासणी) लगेच. २ mmol/L च्या वर सावध, ४ च्या वर सिनियरला झोपेतून उठव. तरुणाचं बीपी शेवटपर्यंत टिकतं, म्हणून नाडी मोज.
- आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) २५०-५०० मिली देऊन दर वेळी पुन्हा तपास. लघवी ताशी किलोमागे निदान ०.५ मिली हवी.

रिपोर्ट सुधारेपर्यंत ऑपरेशन थांबवणं ही नवख्यांची हमखास चूक. पोटात घाण आहे तोवर ते सुधारणार कसे? सेप्टिक शॉक (सेप्सिसमुळे बीपी कोसळणं) असेल तर तीन तासांच्या आत ओटी (ऑपरेशन थिएटर). मृत्यूचा धोका ५ टक्के किंवा जास्त वाटला तर आयसीयूचा बेड आधीच सांगून ठेव.

ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी नाडी चढली तर नुसतं पॅरासिटामॉल नको, आतड्याच्या टाक्यांतून गळती शोध. ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) कोरडा असला तरी गळती असू शकते.

स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड), पोषण वगैरे नंतर बोलू.