विचारा बिनधास्त: दहा-बारा डेस्कटॉप पूल हाताने किती वेळा बनवायचे?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मालाडला एका बीपीओत आयटी सपोर्टला आहे. आमच्याकडे होरायझन आहे (सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीन लोकांना डेस्कटॉप म्हणून देणारं सॉफ्टवेअर), दर दोन-तीन महिन्यांनी नवीन प्रोसेस आली की दहा-बारा डेस्कटॉप पूल, म्हणजे अशा एकसारख्या मशीनचे गट, बनवावे लागतात आणि ते सगळं मी कन्सोलवर बसून क्लिक करत करत बनवतो. मागच्या वेळी दोन पूलना चुकून जुना स्नॅपशॉट (मूळ मशीनची एका वेळची जतन केलेली स्थिती) लागला आणि ते कळलं चौथ्या दिवशी. नेटवर एक स्क्रिप्ट मिळाली, त्यात अ‍ॅड-ऑटोमॅटिकलिंक्डक्लोनपूल अशी कमांड आहे पण ती आमच्याकडे चालतच नाही. मला प्रोग्रामिंग येत नाही, बॅच फाइल तेवढ्या लिहिल्यात. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, मालाड

उत्तर: आधी ती जुनी स्क्रिप्ट सोडून द्या, तिच्यावर अजून एक रात्र घालवू नका. ती व्ह्यूच्या (होरायझनचं जुनं नाव) जमान्यातली आहे, तेव्हा कंपोझर नावाचा वेगळा सर्व्हर असायचा आणि लिंक्ड क्लोन (मूळ मशीनच्या डिस्कला जोडलेल्या प्रती) बनायचे. होरायझन ८ च्या २०१२ व्हर्जनपासून ते काढूनच टाकलंय (हा २०१२ म्हणजे साल नाही हं, २०२० चा बारावा महिना, त्यांचे व्हर्जन नंबर असेच असतात). आता इन्स्टंट क्लोन, म्हणजे झटपट बनणाऱ्या प्रती. आणि शोधताना अजून एक लक्षात ठेवा, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने होरायझन बनवणारी व्हीएमवेअर कंपनी घेतली आणि २०२४ मध्ये होरायझनवाला भाग वेगळा होऊन ओम्निसा झाला, त्यामुळे माहिती अर्धी जुन्या नावाखाली सापडते आणि अर्धी नव्या.

तुम्हाला लागणार पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड आणि स्क्रिप्ट चालवायचं साधन), पॉवरसीएलआय (त्यात घालायच्या व्हीएमवेअरच्या कमांड) आणि होरायझनचं हेल्पर मॉड्यूल (होरायझनसाठी तयार कमांडचा संच). हेल्पर गिटहबवर मिळतं, तुमच्या कनेक्शन सर्व्हरच्या (होरायझनचा मुख्य सर्व्हर) व्हर्जनशी जुळणारं घ्या, झिप उतरवली की आधी अनब्लॉक-फाइल चालवा, नाहीतर विंडोज ती फाइल बाहेरून आलेली म्हणून अडवतं आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मग कनेक्ट-एचव्हीसर्व्हरने जोडून घ्या आणि पहिला आठवडा फक्त गेट-एचव्हीपूल चालवा. नुसतं बघायचं, बनवायचं काहीच नाही. गेटने सुरू होणाऱ्या कमांड काही बदलत नाहीत, त्यामुळे भीती जाते आणि हात बसतो.

आता खरं काम. नमुना म्हणून एक पूल हाताने, अगदी नीट, दोनदा तपासून बनवा. मग गेट-एचव्हीपूलस्पेक वापरून त्या पूलची सगळी सेटिंग जेसन फाइलमध्ये (सेटिंग साठवायची साधी मजकूर फाइल) काढा. डेटास्टोअर, क्लस्टर, फोल्डर, सगळं त्यात येतं, म्हणजे पूल बनवणाऱ्या न्यू-एचव्हीपूल कमांडच्या त्या लांबलचक ओळी तुम्हाला कोऱ्या कागदावरून लिहाव्या लागत नाहीत. जे पूलगणिक बदलतं तेवढंच एक्सेलमध्ये ठेवा: पूलचं नाव, मास्टर इमेज (जिच्यावरून प्रती बनतात ती मूळ मशीन), स्नॅपशॉट, मशीनच्या नावाचा पॅटर्न, मशीन किती, कुठल्या एडी ग्रुपला (कंपनीच्या विंडोज नेटवर्कवरचा युजरचा गट) द्यायचा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) म्हणून सेव्ह करा, इम्पोर्ट-सीएसव्हीने वाचा आणि फॉरईचने एकेक ओळ घेत चला. मी हे कळकळीने सांगतेय, नावं आणि आकडे स्क्रिप्टच्या पोटात लिहू नका. यादी वेगळी राहिली की ती तुमच्या टीम लीडला उघडून वाचता येते, आणि जुना स्नॅपशॉट चौथ्या दिवशी नाही, रन करायच्या आधीच कुणाच्यातरी डोळ्यांना दिसतो.

या फॉरईचच्या लूपच्या आत, म्हणजे दर ओळीला परत चालणाऱ्या भागात, सगळ्यात पहिली गोष्ट, या नावाचा पूल आधीच आहे का ते बघायचं, असेल तर सोडून पुढे. दुसरी, यादीतला स्नॅपशॉट त्या मास्टर इमेजवर खरंच आहे का ते गेट-स्नॅपशॉटने तपासायचं, नसेल तर तिथेच थांबायचं. कारण स्क्रिप्ट सातव्या पूलवर मरणार, कधी ना कधी मरणारच, तेव्हा ती तशीच्या तशी परत चालवता आली पाहिजे, पहिल्या सहांना हात न लावता. स्टार्ट-ट्रान्सक्रिप्ट स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टाकून ठेवा, काय काय झालं ते फाइलमध्ये राहतं.

मशीनचं नाव १५ अक्षरांत बसवा, त्यात मागचा नंबरही आला, विंडोजची ती जुनी मर्यादा अजून आहे. पॅटर्नमध्ये तीन आकडी फिक्स नंबर घ्या म्हणजे ००१, ००२ असं येतं आणि यादी नीट लागते. पूल बनला तरी न्यू-एचव्हीएन्टायटलमेंटने ग्रुपला हक्क दिल्याशिवाय तो कुणाला दिसत नाही, तीही ओळ त्याच लूपमध्ये घाला. आणि स्क्रिप्ट संपली म्हणजे मशीन तयार झाल्या असं नाही, इमेज पब्लिश होणं आणि क्लोन बनणं मागे चालूच असतं. गेट-एचव्हीमशीनसमरीने सगळ्या अव्हेलेबल दिसेपर्यंत लोकांना मेल पाठवू नका.

एक अनुभव सांगते, विक्रोळीच्या ऑफिसातला. २०० मशीनचा पूल होता आणि नेटवर्क होतं /२४ चं, म्हणजे २५४ पत्ते, मला वाटलं भरपूर झाले. शनिवारी टेस्टिंग करताना मी पूल दोनदा उडवून परत बनवला, स्क्रिप्ट होती ना हाताशी, दहा सेकंदांचं काम. पण दर वेळी मशीन नव्या, त्यांचे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक) नवे, आणि डीएचसीपीवर (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) जुन्यांचे पत्ते तसेच अडकलेले, कारण विंडोज डीएचसीपीने दिलेल्या पत्त्याची मुदत मुळातच ८ दिवसांची असते. सोमवारी सकाळी लोक लोकलमधून धापा टाकत येऊन बसले आणि अर्ध्याहून जास्त मशीनना १६९.२५४ वाला पत्ता, म्हणजे नेटवर्कच नाही. रात्रपाळीवाल्यांना दुपारपर्यंत थांबावं लागलं, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून पूल बनवायच्या आधी माझी स्क्रिप्ट गेट-डीएचसीपीसर्व्हरव्ही४स्कोपस्टॅटिस्टिक्सने किती पत्ते मोकळे आहेत ते मोजते आणि कमी असतील तर एकही पूल बनवत नाही. तुम्हीही हे पहिल्या दिवसापासून घाला, आणि अशा नेटवर्कवर मुदत काही तासांवर आणून घ्या.

प्रश्न: पावसात लोकल बंद पडली की आमचे सगळे घरून लॉगिन करतात आणि पूल कमी पडतो. स्क्रिप्टने आपोआप वाढवता येईल का? पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पासवर्ड लिहू नका, अजिबात नाही, ती फाइल कधीतरी कुणालातरी मेलने जातेच. गेट-क्रेडेन्शियलने एकदा विचारून एक्सपोर्ट-सीएलआयएक्सएमएलने सेव्ह करा, विंडोजवर तो एनक्रिप्ट होतो आणि त्याच मशीनवर त्याच युजरला उघडतो. म्हणून ज्या अकाउंटने टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारं विंडोजचं साधन) चालणार त्याच अकाउंटने लॉगिन करून सेव्ह करायचा, इथे खूपजण अडकतात.

वाढवायला सेट-एचव्हीपूल आहे, त्याने मशीनची कमाल संख्या बदलता येते. पण होस्टवर रॅम मोकळी हवी आणि लायसन्सही तेवढी हवीत, ती स्क्रिप्ट आणून देणार नाही. शिवाय वाढवायचं कधी? हवामान खात्याचा रेड अलर्ट बहुतेक आदल्या दिवशीच येतो, तेव्हा संध्याकाळीच एका माणसाने हाताने चालवावी असं माझं मत आहे, पूर्ण आपोआप नको. आणि परत खाली आणायची स्क्रिप्ट त्याच दिवशी लिहून ठेवा, पाऊस ओसरल्यावर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.